बेंबीखालची गाठ

मधुमेहाच्या एका काकांची सहा महिन्यांतली ही तिसरी भरती. साखर कधी 350 च्या वर, कधी 70 च्या खाली. दर वेळी इन्सुलिनचे युनिट वाढवून घरी पाठवलेलं. मागच्या डिस्चार्ज कार्डावर 'आरोग्यशिक्षण दिले' या चौकटीत बरोबरची खूण आणि खाली सही माझी.

त्या सकाळी मी इंजेक्शन दिलं नाही. इन्सुलिनचं पेन त्यांच्या हातात ठेवलं. "काका, घरी घेता तसंच घ्या, मी नुसती बघते." त्यांनी नवी सुई बसवली, सुई चालते का ते बघायला 2 युनिट हवेत सोडून पाहिले, डोस लावला. सगळं चोख. मग हात सवयीने बेंबीखाली उजवीकडे गेला.

"थांबा जरा." मी बोटं सपाट ठेवून हळूहळू फिरवली. कातडीखाली रबरासारखा घट्ट उंचवटा. लायपोहायपरट्रॉफी. पुन्हा पुन्हा त्याच जागी टोचलं की तिथली चरबी अशी वाढते आणि इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. ही गाठ बऱ्याचदा डोळ्यांना दिसत नाही, बोटांनाच लागते. तीन भरत्यांत सगळ्यांनी रिपोर्ट वाचले, पोटाला हात कुणी लावला नाही. मीही नाही.

ड्युटी डॉक्टर म्हणाले, "जागा बदला, डोस तोच ठेवा." चांगल्या जागी तोच वाढवलेला डोस गेला असता तर साखर धाडकन उतरली असती. मी दोनदा सांगितलं, तेव्हा कमी केला.

"काका, तिथंच का घेता?"

"तिथं दुखत नाही, सिस्टर. आणि कामावर शर्ट वर केला की झालं. मांडीत घ्यायचं तर पँट उतरवायची कुठं?"

मागच्या वेळी मी जागा बदलायला सांगितलं होतं, त्यांनी मान हलवली होती. लोकांना स्वतःच्या आरोग्यावर अधिक ताबा मिळवता यावा, ही जागतिक आरोग्य संघटनेच्या 1986 च्या ओटावा सनदेतली आरोग्यसंवर्धनाची व्याख्या मी परीक्षेसाठी घोकलेली. त्याच सनदेत माणसाच्या कौशल्यांइतकाच भोवतालच्या परिस्थितीवरही भर आहे. मी फक्त माहिती दिली होती.

मग आम्ही बसून ठरवलं. कामावर पोटाचे चार भाग, दर आठवड्याला एक, प्रत्येक टोच आधीच्यापासून बोटभर लांब, गाठीची जागा पूर्ण बंद. रात्रीचा डोस घरी, मांडीत. शेवटी त्यांनाच म्हटलं, आता तुम्ही मला शिकवा. पहिल्यांदा ते आठवड्यांचा क्रम चुकले, दुसऱ्यांदा नाही.

"कामावर कुणाला माहीत आहे?"

"नाही. कळायलाही नको."

साखर उतरून ते तिथं कोसळले तर काय झालंय हे ओळखणारं कुणी नाही. एखाद्या विश्वासातल्या माणसाला तरी सांगा म्हटलं. "बघतो," म्हणाले.

या वेळी ती चौकट रिकामी ठेवून मी शेजारी लिहिलं: 'स्वतः करून दाखवले. कामावर इन्सुलिन घ्यायला जागा नाही, मदतीला कुणी नाही. पुढच्या भेटीत विचारणे.'

इन्चार्जनी कार्ड परत पाठवलं, चौकट रिकामी चालत नाही म्हणून. मी खूण करून दिली.