लिंक पाठवलीत, पण कुणासाठी?

आम्हा विज्ञान महाविद्यालयांच्या ग्रंथपालांच्या ग्रुपवर रोज काही ना काही येऊन पडतं. सकाळी फुलं आणि सुविचार, अकराच्या सुमाराला कुठल्यातरी वेबिनारचं पोस्टर (ई-प्रमाणपत्र मोफत), दुपारी 'हजारो ई-पुस्तकं फुकट' असा मथळा आणि खाली निळी लिंक. तिला चार-पाच जण अंगठा दाखवतात. उघडून किती जणांनी बघितली, देव जाणे. मी उघडते. बऱ्याचदा पान सापडतच नाही. सापडलं तर त्या हजारांतून आमच्या बी.एस्सी.च्या पोरांना झेपेल असं गणिताचं एखादं पुस्तक हुडकेपर्यंत काउंटरवर रांग लागलेली असते.

माझं मागणं फार मोठं नाही. लिंकेच्या वर एक ओळ लिहा, की हे कुणाला लागेल. 'तिसऱ्या वर्षाच्या अ‍ॅनालिसिसवाल्यांना द्या, उदाहरणं सोडवून दाखवली आहेत' एवढं पुरे. अर्थात ती ओळ लिहायची तर आधी स्वतः आत जाऊन बघावं लागतं. बहुतेक तिथंच गाडी अडते.

मला आजवर मिळालेली सगळ्यात कामाची बातमी साध्या फोनवर आली. सोलापुरातल्याच दुसऱ्या एका महाविद्यालयातल्या सरांचा फोन. "मॅडम, आमच्याकडं वाचनकक्षाची कॉम्प्युटर लॅब होणार आहे. गणिताचे बाउंड व्हॉल्यूम निर्लेखनाला काढलेत. शनिवारी रद्दीवाला येतोय. तुम्हाला पाहिजे असतील तर टेम्पो पाठवा की." कुठले व्हॉल्यूम, विचारलं तर म्हणाले, "मॅथेमॅटिक्स स्टुडंट पत्रिकेचे. पाठीवरची अक्षरं गेलीत, पण आत धड आहेत. म्हटलं, तुमच्याकडं एम.एस्सी. आहे, तुमच्या पोरांना लागतील."

बघा, 'तुमच्या पोरांना लागतील.' मला हवी ती ओळ हीच.

पुढचे दोन दिवस कागद रंगवण्यात गेले. निर्लेखनाच्या, म्हणजे नोंदवहीतून कमी करायच्या पुस्तकांच्या, यादीवर 'मागणी नाही' असा शेरा पडलेला असला तरी सरकारी नोंदवहीतली पुस्तकं उचलून कुणाला अशी देता येत नाहीत. एका प्राचार्यांचं पत्र, दुसऱ्या प्राचार्यांचा होकार, समितीचा ठराव, आमच्याकडे 'भेट' म्हणून वेगळी दाखल नोंद. आमच्या ऑफिसातून सवाल आलाच: जुनं कशाला घेताय, जागा कुठंय? जागा खरंच नव्हती. तरी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून चादरी पोचवून रिकामा परतणारा एक टेम्पो मिळाला आणि लाल रेक्झिनचे ते गठ्ठे एकदाचे आमच्या मागच्या खोलीत आले. कसर लागली होती. डांबरगोळ्यांचा वास हाताला रात्रीपर्यंत राहिला.

आता, जुनं कशाला, याचं माझं उत्तर. रसायनशास्त्राची पंचवीस वर्षांपूर्वीची उपकरणांची हँडबुकं मी स्वतः निर्लेखनाला काढते, मुळीच हळहळत नाही. गणितात तसं होत नाही. एकदा सिद्ध झालेलं प्रमेय पुढच्या आवृत्तीत खोटं ठरत नाही, म्हणून गणितवाल्यांना साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा अंक आजही लागतो. इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी ही संस्था १९०७ची. तिच्या जर्नलमध्ये १९११ साली बर्नुलीच्या संख्यांवरचा रामानुजन यांचा पहिला लेख छापून आला. 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट' ही त्याच संस्थेची पत्रिका, १९३३पासूनची. हे माहीत असलेला माणूस यादीवर 'मागणी नाही' लिहिताना निदान एकदा थांबेल. पण निर्लेखन समितीत गणिताचा प्राध्यापक असतोच असं नाही.

व्हॉल्यूम आले आणि बरेच महिने तसेच पडून राहिले. मग एम.एस्सी.ची एक मुलगी आली. पूर्व भागातली, घरी तेलुगू, शाळा मराठी, पुस्तकं इंग्रजी. उन्हाळ्यात दुपारी पंख्याखाली बसायला येणाऱ्यांतली नव्हे, खरोखर वाचणारी. प्रोजेक्ट देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर यांच्या ६१७४ या संख्येवर. संदर्भांची यादी हातात होती आणि त्यात एक लेख 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट'मधला: कापरेकरांचं नाव, शोभेलसं शीर्षक, साल, खंड, पानं, सगळं जागच्या जागी.

आमच्या गठ्ठ्यात तो खंड लगेच हाताला लागेना, म्हणून मी ग्रुपवर टाकलं, कशासाठी हवंय तेही लिहिलं. आणि त्या दिवशी ग्रुप ग्रुपसारखा वागला. पंढरपूरकडच्या सरांनी त्यांचा ओपॅक (ग्रंथालयाची ऑनलाइन सूची) बघितला, बार्शीच्या मॅडमनी गणित विभागात विचारलं, पुण्याच्या एका मोठ्या ग्रंथालयातली माझी मैत्रीण झेडबीमॅथवर शोधून मोकळी झाली. (झेडबीमॅथ ओपन म्हणजे गणितातल्या लेखांची सूची नि परीक्षणं. पूर्वी वर्गणी भरावी लागायची, जानेवारी २०२१पासून सगळ्यांना खुली आहे. गणिताच्या प्राध्यापकांना हे अजून सांगावं लागतं, तेव्हा सांगा.) कुणालाच काही सापडेना. शेवटी आमच्या शिपाईकाकांनी मागच्या खोलीत गठ्ठे उपसून नेमका तो खंड काढला. लेख ज्या पानावर असल्याचं यादीत लिहिलं होतं, त्याच्या कितीतरी आधीच खंड संपत होता.

"ही यादी कुठून आणलीस गं?" विचारल्यावर तिनं मोबाइल पुढं केला. चॅटबॉटला विचारलं होतं. त्यानं लेखक खरा घेतला, पत्रिका खरी घेतली आणि लेख मनानं रचला.

आम्ही चौघांनी मिळून नसलेला लेख शोधला, याचं मला वाईट वाटलं नाही. लेख नाही असं खात्रीनं सांगता येणं हेही आमचंच काम, आणि इथं ती खात्री कसर लागलेल्या व्हॉल्यूमच्या शेवटच्या पानानं दिली.

बरं, यंत्रच तेवढं फेकतं असं समजू नका. कापरेकरांचा ६१७४वरचा लेख 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या न्यूयॉर्कच्या पत्रिकेतला म्हणून सांगतात. नेटवर चांगल्या नावाजलेल्या ठिकाणी त्यापुढं 'खंड १५, १९५५' असं छापलेलं दिसेल. पण या पत्रिकेचा पंधरावा खंड १९४९चा, १९५५ला एकविसावा चालू होता. दोन्ही एकाच वेळी बरोबर कसे असतील? एकानं लिहिलं, बाकीच्यांनी उचललं. पुण्याच्या मैत्रिणीनं दोन्ही खंडांच्या मुखपृष्ठांचे फोटो काढून पाठवले तेव्हा त्या मुलीनं पहिल्यांदा विचारलं, "म्हणजे मॅडम, पुस्तकातलं पण तपासायचं असतं?"

मग तिला 'ओईआयएस' दाखवलं. नील स्लोन यांनी १९६४मध्ये कार्डांवर सुरू केलेला संख्याक्रमांचा संग्रह, आता नेटवर मोफत. खिडकीत १, ९, ४५, ५५, ९९ असे आकडे टाकले की उत्तर येतं: कापरेकर संख्या. ४५चा वर्ग २०२५. २० आणि २५ मिळवा, परत ४५. खाली लेखांचे संदर्भ माणसांनी तपासून दिलेले असतात, तेव्हा पोरांना सुरुवात तिथून करायला सांगा.

शिपाईकाका हे सगळं ऐकत होते. म्हणाले, "६१७४चं काय आहे ते?" मुलीनं त्यांच्या गाडीचा नंबर विचारला, ३०८७. त्याच अंकांची मोठ्यात मोठी संख्या ८७३०, लहानात लहान ०३७८, वजा केले ८३५२. परत तेच, ८५३२ वजा २३५८, ६१७४. दोन पायऱ्यांत गाडी मुक्कामी. चारही अंक सारखे नसले तर कुठलीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथं येते. त्यानंतर संध्याकाळपर्यंत काका पार्किंगमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्यांना एमएच १३च्या पुढचे आकडे विचारत होते.

ग्रुपवर हल्ली ज्या दोन बातम्या सगळ्यात जास्त फिरल्या, त्यांच्याबद्दलही थोडं. पहिली, 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन', म्हणजे संशोधन पत्रिकांची वर्गणी केंद्र सरकारनं सगळ्यांसाठी एकदम भरायची योजना. २५ नोव्हेंबर २०२४ला केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. योजना केंद्र आणि राज्य सरकारांच्या उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी. त्या दिवशी ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला आणि प्रत्येकाच्या मनात सवाल एकच: यात आपण आहोत का? तो सवाल मोकळेपणानं विचारला एकानंच, त्यालाही उत्तर म्हणून अंगठा मिळाला.

दुसरी बातमी फेब्रुवारी २०२५ची. यूजीसीनं केअर यादी, म्हणजे ग्राह्य धरायच्या संशोधन पत्रिकांची यादी, बंद केली. इतकी वर्षं प्राध्यापक यायचे, यादीत नाव आहे का विचारायचे, आम्ही हो-नाही सांगायचो. आता पारख करायची जबाबदारी संस्थेवर, म्हणजे फिरून काउंटरवर. अठ्ठेचाळीस तासांत छापून देतो म्हणणारी मेल मला महिन्यातून बऱ्याचदा दाखवली जाते. त्यातल्या काही पत्रिका तर खऱ्या पत्रिकेचं नाव आणि आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) उचलून तशीच दुसरी वेबसाइट थाटतात. मी तीन गोष्टी बघते: आयएसएसएनच्या पोर्टलवर प्रकाशक कोण लिहिलाय, मागचे अंक खरंच उघडतात का, आणि संपादक मंडळातल्या एखाद्याच्या विद्यापीठाच्या पानावर या पत्रिकेचा उल्लेख आहे का. दहा मिनिटं लागतात. अशा एखाद्या बनावट पत्रिकेचं नाव कळलं की ते ग्रुपवर जायला हवं, पण नेमकं तिथं सगळे गप्प. कारण आपल्याच महाविद्यालयातल्या कुणाचा तरी लेख तिथं छापलेला असतो.

यात गणितवाले नशीबवान म्हणायचे. पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१मध्ये सुरू केलेल्या आर्काइव्हवर त्यांचे लेख छापण्याआधीच फुकट वाचायला मिळतात. इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसची 'रेझोनन्स' १९९६पासूनची सगळी खुली आहे, आणि बी.एस्सी.च्या पोरांना मी डोळे झाकून तीच देते. रसायनवाल्यांचं मात्र महागाचं काम. त्यांना मी जपानचा एसडीबीएस हा वर्णपटांचा संग्रह आणि अमेरिकेच्या एनआयएसटीचं वेबबुक दाखवते, दोन्ही विनाशुल्क. ऑरगॅनिकच्या मुलांचं त्यावर बरंच भागतं.

१२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, आम्ही सगळे भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या फोटोला हार घालतो. ते मुळात गणिताचे शिक्षक होते, १९२४मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, हे भाषणात कुणी सांगत नाही. सांगितलं तर गणित विभागातून दोन माणसं जास्त येतील, असा माझा स्वार्थी अंदाज.

आता माझी विनंती, आणि ती कुणासाठी हेही सांगते. त्या मुलीचा प्रोजेक्ट सादर झाला, पण पुढं तिला कापरेकरांवरच काम करायचंय. देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या या माणसाची बरीच पुस्तकं बारीक, स्वतःच्या खर्चानं छापलेली. 'डेम्लो संख्या' आहेत, १९६३चं 'सेल्फ नंबर्स'वरचं आहे. असली पन्नास पानांची पुस्तिका बहुतेक ग्रंथालयांत दाखल होत नाही. 'किरकोळ' लिहिलेल्या खोक्यात जाते, नाहीतर गणित विभागाच्या कपाटात वरच्या खणात. ओपॅकमध्ये ती दिसणार नाही. जुन्या महाविद्यालयांतल्या ग्रंथपालांनी खोकी एकदा उघडून बघा. काही मिळालं तर पुस्तिका पाठवू नका, मुखपृष्ठाचा आणि मुद्रकाचं नाव असलेल्या पानाचा फोटो पाठवा. प्रत बघायला ती मुलगी स्वतः येईल, एसटीनं.