पिंपाला ऐकू आलं पाहिजे

सांगलीच्या पोराला नाटकाचं वेड वेगळं लावावं लागत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' इथंच केलं, हे आमचे मराठीचे सर इतक्या रंगात येऊन सांगायचे की, सर स्वतः त्या प्रयोगाला हजर होते असं मी पाचवीपर्यंत धरून चाललो होतो.

सातवीच्या गॅदरिंगला सरांनी मला द्वारपाल केलं. वाक्यं दोन. तालमीला सर हॉलच्या पार शेवटी, पाण्याच्या पिंपाशी उभे राहायचे आणि ओरडायचे, "पिंपाला ऐकू आलं नाही रे!"

त्या पिंपानं मला पुण्यापर्यंत नेलं. पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेला भरत नाट्य मंदिरात प्रेक्षकांतून 'आव्वाज कुणाचा' सुरू झालं की भले भले गांगरतात. माझा घसा मात्र तयार होता.

पुढे १९९९ मध्ये अल्फा मराठी ही वाहिनी आली, २००० मध्ये ई टीव्ही मराठी, आणि आमच्यासारख्यांना मुंबईत कामं मिळू लागली. माझं पहिलं काम एका दिवसाचं, हवालदाराचं. पहिलंच वाक्य म्हटलं आणि ध्वनिमुद्रकानं कानावरचे हेडफोन ओढून काढले. "अहो, माइक तुमच्या कॉलरला आहे. हाक कुणाला मारताय?" पिंपापर्यंत पोचलेला आवाज कॉलरपर्यंत मागे आणायला मला दोन वर्षं लागली.

दैनंदिन मालिकेचं काम म्हणजे बारा-तेरा तासांची शिफ्ट. तोंडाला रंग लागत असतानाच सीनचे कागद हातात पडतात, दहा मिनिटांत पाठ करायचे. तिथं मोरोपंतांच्या आर्या उपयोगी पडल्या, म्हणजे न आल्यास वर्गाबाहेर उभं राहायची भीती. पैसे नव्वद दिवसांनी. घरमालकाला हे समजावताना जो अभिनय केला, तो कॅमेऱ्यासमोर अजून जमलेला नाही.

गेल्या दिवाळीत सरांकडे गेलो. कानाला यंत्र लागलंय. म्हणाले, "तुझी मालिका रोज बघतो. पण पुटपुटतोस काय रे सारखा?"

कॉलरच्या माइकचं सांगून पाहिलं. पटलं नाही. शेवटी उठून दारात जाऊन द्वारपालाची दोन्ही वाक्यं म्हणून दाखवावी लागली. सूनबाई स्वयंपाकघरातून धावत बाहेर आल्या.