झोप एकाची, बॅटरी दुसऱ्याची: चार नोडांच्या साखळीची नोंद

मांडणी मागचीच, बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या रेडिओ-बोर्डांची (नोडांची) साखळी: अ → ब → क → ड → सिंक, म्हणजे सगळी पॅकेटं शेवटी जिथे जमा होतात तो बोर्ड. सिंक यूएसबीवर असल्यामुळे त्याचा रेडिओ कायम चालू, बाकी चौघे दोन-दोन डबल ए सेलवर. प्रत्येक नोड मिनिटाला एक पॅकेट पाठवतो आणि मागून आलेली पुढे सरकवतो. रेडिओची चिप सीसी२४२०. मॅक (रेडिओने कधी बोलायचं, कधी ऐकायचं याचे नियम) एक्स-मॅकच्या धर्तीवरचा, म्हणजे ठरावीक वेळाने जागं व्हायचं, २.५ मिलिसेकंद हवा चाचपायची, काही नसेल तर पुन्हा झोपायचं. पाठवणारा मात्र समोरच्याची पोच येईपर्यंत छोटी पॅकेटं सोडत राहतो.

नव्यांसाठी एवढंच, की या रेडिओला ऐकायला १८.८ मिलिॲम्पिअर (मि.ॲ.) लागतात आणि पूर्ण ताकदीने पाठवायला १७.४. खरा डेटा किरकोळ असतो, १२७ बाइटांची सर्वात मोठी फ्रेमही सुमारे चार मिलिसेकंदांत जाते. बॅटरी खातं ते ताटकळणं, म्हणजे समोरचा जागा होईपर्यंत रेडिओ चालू ठेवून थांबणं.

आतापर्यंत चौघांनाही एकच जाग-अंतर (एकदा जागं झाल्यापासून पुन्हा जागं होईपर्यंतचा वेळ) दिलं होतं. १२५ मिलिसेकंद ठेवलं की अ चं पॅकेट सरासरी १९० मिलिसेकंदांत सिंकला पोचतं. तीन झोपाळू हॉप (एका नोडाकडून पुढच्याकडे जाणारे टप्पे), प्रत्येकी अर्धं अंतर. शेवटच्या हॉपला थांबावंच लागत नाही. बॅटरी वाचवायची तर अंतर एक सेकंद करा आणि दीड सेकंद उशीर सोसा, असा सरधोपट सल्ला सगळीकडे मिळतो. या वेळी बोर्डांना हात लावण्याआधी तो कागदावर तपासला.

जाग-अंतर वाढवलं की माझा ऐकण्याचा खर्च घटतो, पण मला पाठवणाऱ्याचा ताटकळण्याचा खर्च तेवढ्याच पटीने फुगतो. पहिला खर्च अंतराच्या व्यस्त प्रमाणात, दुसरा सम प्रमाणात. दोन्हींची बेरीज जिथे सर्वात कमी, तिथून पुढे झोपणं हा निव्वळ तोटा: उशीरही वाढतो आणि वीजही जास्त जाते. हा बिंदू वर्दळीवर ठरतो, म्हणून सगळ्यांना एकच आकडा देण्यात अर्थ नाही. ब ला मिनिटाला एकच पॅकेट येतं, त्याचं सोयीचं अंतर ५५० मिलिसेकंदांच्या आसपास निघतं. क ला दोन येतात, म्हणून ४००. ड ला तीन, म्हणून ३२५. अ ला कोणी काही पाठवत नाही, त्याने खुशाल झोपावं (वरून खाली आज्ञा पाठवायच्या नसतील तोवर).

पण बेरीज कमी असणं आणि साखळी जास्त टिकणं या वेगळ्या गोष्टी. साखळी तुटते ती पहिला नोड मेला की. सिंकशेजारचा नोड आधी मरतो असं नेहमी म्हणतात, आणि सिंकही झोपत असेल तर ते बरोबरच आहे. इथे सिंक जागा आहे, त्यामुळे ड ला पाठवणं जवळपास फुकट पडतं. भरडला जातो तो क. वरच्या आकड्यांत त्याचा रेडिओ सरासरी ०.२६ मि.ॲ. खातो आणि ड फक्त ०.१५. मग ड ला २२५ मिलिसेकंदांवर आणलं. तो थोडा जास्त जागतो, क चं ताटकळणं घटतं, आणि दोघेही ०.२१-०.२२ वर येतात. ब त्याच्या जरा खाली. सरासरी उशीर सुमारे ५९० मिलिसेकंद.

सगळ्यांना एक सेकंद दिला असता तर एकट्या क चा रेडिओ ०.५ मि.ॲ. पर्यंत गेला असता. २००० मिलिॲम्पतासांचे सेल धरले तर साडेपाच महिने. नव्या वाटणीत वर्षभर, तेही उशीर निम्म्याहून कमी ठेवून. प्रोसेसर, झोपेतला करंट आणि हुकलेली पॅकेटं यात धरलेली नाहीत, तेव्हा प्रत्यक्ष आयुष्य कमीच भरेल. तुलना मात्र टिकावी.

नवी अंतरं आता बोर्डांवर चढवली आहेत. पुढचं काम फेज-लॉकचं, म्हणजे शेजारी कधी जागा होतो ते लक्षात ठेवून ऐन वेळेलाच पाठवणं. ते जमलं की ताटकळण्याचा खर्च जवळजवळ जाईल, उशीर तेवढाच राहील, आणि वरचं सगळं गणित नव्याने मांडावं लागेल. अडचण घड्याळांची आहे. ±२० पीपीएमचे (दहा लाखांत २० इतकं चुकणारे) घड्याळांचे दोन क्रिस्टल उलट्या दिशांनी सरकले तर मिनिटाभरात २.४ मिलिसेकंदांचा फरक पडतो, म्हणजे जवळजवळ आख्ख्या चाचपणीएवढा. तेवढी सूट आधीच धरायची की प्रत्येक पोचेबरोबर वेळ दुरुस्त करत जायचं, हे अजून ठरलेलं नाही. माझा कल दुसऱ्याकडे आहे, कारण ड आणि क मध्ये पॅकेटं पुरेशी धावतात. अ-ब मध्ये मात्र मिनिटाला एकच पोच येते.