जाळीचा पडदा

आमच्या बैठकीच्या आणि माजघराच्या मधल्या दारात जाळीचा पडदा आहे. तिन्हीसांजेला माजघरातला दिवा लागला, की आतले माणूस आधी नुसती सावली असते, मग त्याची आकृती होते आणि पडदा सारून बाहेर आले की मगच ते घरातले कोणीतरी ठरते. वर्षानुवर्षे समोर असलेली ही गंमत माझ्या ध्यानात आली ती येवगेनी बाउएर या रशियन दिग्दर्शकाचे मूकपट पाहिल्यावर.

1865 साली मॉस्कोत जन्मलेला हा गृहस्थ मुळात नाटकांचा नेपथ्यकार. चित्रपटाकडे वळला तेव्हा त्याचे वय सत्तेचाळीसच्या आसपास होते आणि 1917 च्या जूनमध्ये तो क्रिमियातल्या याल्टाला न्यूमोनियाने गेला. तेवढ्या अवधीत त्याने ऐंशीच्या आसपास चित्रपट केले, पण त्यांतले जेमतेम पंचवीस-सव्वीस आज शिल्लक आहेत. कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात एखादा खांब, त्यामागे झिरझिरीत पडदा, त्याच्याही मागे जिना आणि या सगळ्यांपलीकडे, उजेडाच्या एका तुकड्यात, उभी असलेली नायिका, अशी त्याच्या दृश्याची खोली पदरापदरांनी उलगडत जाते. ‘मृत्यूनंतर’ (1915) मधला बुजरा नायक मेजवानीला जातो, तेव्हा कॅमेरा बराच वेळ सलग त्या गर्दीतून सरकत राहतो, आणि अनोळखी नजरांनी त्याला झालेला संकोच आपल्याही अंगावर येतो. कथानके मात्र भडक असतात, हे मान्य करायला हवे. ‘दिवास्वप्ने’ मधला विधुर मृत पत्नीची वेणी काचेच्या पेटीत जपून ठेवतो आणि शेवटी तिच्यासारख्या दिसणाऱ्या नटीचा त्याच वेणीने गळा आवळतो! तरीही त्या पेटीवर पडलेला उजेड मी विसरू शकलेलो नाही.

रशियन मूकपट म्हटले की आपल्याकडे क्रांतीनंतरचा दिग्दर्शक आइझेन्स्टाइन याचे नाव निघते आणि संकलनाची, म्हणजे चित्रित तुकडे जोडण्याच्या कलेची, चर्चा सुरू होते. 1917 च्या क्रांतीनंतरच्या काळात बाउएरची रवानगी श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत रमणाऱ्यांमध्ये झाली, आणि 1989 मध्ये इटलीतल्या पोर्देनोने येथील मूकपट महोत्सवात क्रांतिपूर्व रशियन चित्रपट दाखवले गेले, तेव्हा कुठे बाहेरच्या जगाने त्याची नीट दखल घेतली. मला मौज वाटते ती रशियन दिग्दर्शक कुलेशोवची. चित्रपटाचा अर्थ तुकड्यांच्या जोडणीतून उभा राहतो, असे पुढे हिरिरीने मांडणाऱ्या या माणसाने विशीही गाठली नव्हती, तेव्हा त्याची उमेदवारी चालली होती ती बाउएरच्या हाताखाली, नेपथ्य सजवण्यात.