कातळावरची कलमं

देवगड तालुक्यात आमच्या गावच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, वडिलांची एकरभर वरकस (हलकी, उथळ) जमीन पडून होती. 2019 च्या उन्हाळ्यात तिथे हापूस लावायचं ठरवलं. 10 बाय 10 मीटरवर एकरात 40 कलमं बसतात. खड्डा मीटरभर लांब, रुंद, खोल हवा. पण आमच्याकडे वीतभर मातीखाली लगेच जांभा दगडाचा कातळ. पहारीने दिवसाला दोन खड्डेही होईनात, शेवटी ब्रेकर लावला. खालच्या मळ्यातली माती टेम्पोने वर आणली, शेणखत मिसळून मे महिन्यातच खड्डे भरून ठेवले. मिरगाच्या चार दमदार सरी झाल्या आणि कलमं लावली. कलमाचा सांधा, म्हणजे खालचं रोप (खुंट) आणि वरची हापूसची काडी जुळते ती जागा, मातीच्या वर राहील एवढी काळजी घेतली, काठीचा आधार दिला.

जुलैत पानं पिवळी पडून माना टाकू लागली. मला वाटलं खत कमी पडलं. वाडीतले दाजी आले, त्यांनी खोडाशी काठी खुपसली तर भोकात पाणी वर आलं. मातीच्या जमिनीत जादा पाणी मुरून जातं; कातळात खणलेला खड्डा मात्र टाक्यासारखा भरून राहतो आणि मुळं कुजतात. भर पावसात प्रत्येक खड्ड्याच्या उताराकडची कड फोडून चर काढले, खोडाशी मातीचा उंचवटा केला. तोवर 11 कलमं गेली होती. ती पुढच्या पावसात पुन्हा लावली.

भातकापणी झाली की गुरं मोकळी सुटतात, म्हणून दिवाळीपर्यंत गडगा, म्हणजे दगडी कुंपण, पुरा करावाच लागला. खड्ड्यांतून निघालेला दगड तिथेच वापरला. गडग्यावर करवंदीच्या काट्या टाकल्या. उन्हाळ्यात पश्चिमेच्या बाजूने झावळ्यांचा आडोसा आणि आठवड्याला दोन कळशा पाणी. खोडाभोवती वाळलेल्या गवताचं जाड आच्छादनही घातलं, कारण त्याने ओल टिकते. ते खरंच टिकवतं. पण सड्यावर वाळकं गवत म्हणजे सरपण, हे माझ्या ध्यानात आलं नाही. दाजींनी बजावलं होतं, "पाणी उशिरा दिलंस तरी कलम दम धरीत. आग उशिरा इझवलंस तर काय रवतला?"

मार्च 2021 मध्ये शेजारच्या सड्यावरून वणवा आला. कुठून लागला ते कळलंच नाही. गडग्यापलीकडचं गवत मी कापलं नव्हतं. वाऱ्याने ठिणग्या आत आल्या आणि नेमक्या आच्छादनावर पडल्या. ओल्या फांद्यांनी आम्ही पाच-सहा जणांनी झोडपून आग विझवली. 17 कलमं करपली. त्या रात्री मी घरी न जाता गडग्यावरच बसून होतो. दोन वर्षं कळशीकळशीने पाजलेलं पाणी होतं ते.

पावसाळ्यात 12 बुंध्यांना फूट आली. वाडीत सगळ्यांना आनंद झाला, पण मी वाकून पाहिलं तर फूट सांध्याच्या खालून, म्हणजे खुंटाची. ती वाढवली असती तर हापूस नाही, साधा रायवळ आंबा मिळाला असता. उपटून नवीन कलम लावायचं म्हणजे मुरलेली मुळंही जाणार, आणि कातळात उतरलेल्या मुळांची किंमत मला आता कळली होती. म्हणून जोमदार एकेक फूट ठेवली, बाकी काढल्या, आणि श्रावणात घरामागच्या जुन्या हापूसच्या काड्या आणून जागेवरच कलमं बांधून घेतली. 12 पैकी 9 धरली. रोपवाटिकेतून आणलेल्या कलमांपेक्षा ती पुढे लवकर वाढली. नवीन लागवड करणाऱ्यांनी हा मार्ग जरूर ध्यानात ठेवावा.

तेव्हापासून दत्तजयंतीच्या आत गडग्याच्या बाहेर तीन मीटरचा पट्टा कापून साफ करतो, आतलं गवतही जमिनीलगत कापून बाहेर नेतो. खोडाभोवती गवताऐवजी जांभ्याचे तुकडे मांडतो, खोडाला न चिकटता वीतभर सोडून. त्याने ओल राहते आणि ते पेटत नाहीत. जवळच पाण्याचं पिंप भरून ठेवतो.

गेल्या काही वर्षांत लहान झाडांना आलेला मोहर मी हाताने खुडत आलो. जीव होत नाही, पण चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत झाडाची ताकद फांद्यांत जायला हवी. करपलेल्या नवांपैकी एकाला पहिल्यांदा मोहर ठेवला तेव्हा तीन आंबे धरले. त्यातला एक दाजींच्या घरी पोचवला.