‘दृष्टी ६/६, रंगदृष्टी नॉर्मल’ : पाऱ्याच्या कामात फाईल अडते ती या ओळीवर

पाऱ्याजवळ काम करणाऱ्याचे डोळे नीट तपासून तो अहवाल व्यवसायजन्य आजाराच्या फाईलला लागेपर्यंत साडेतीन महिने गेले. लघवीची तपासणी, कंपनीचं पत्र, अर्ज, सही-शिक्का हे सगळं मिळून तीन आठवड्यांत आटोपलं. बाकीचा बहुतेक वेळ एका ओळीने खाल्ला: ‘दृष्टी ६/६ दोन्ही डोळे, रंगदृष्टी नॉर्मल.’ ही ओळ कागदावर आली की पुढच्या टेबलावरचा माणूस मान वर करत नाही. ‘सहा बाय सहा आहे ना, मग तक्रार कसली?’ हे वाक्य तीन ठिकाणी ऐकलं आणि अजून आठवलं की डोकं तापतं. पाऱ्याची वाफ डोळ्याचं जे बिघडवते, ते या दोन्ही तपासण्यांत दिसतच नाही.

काम म्हणजे रक्तदाब मोजायची पाऱ्याची यंत्रं, मॅनोमीटर, जुने थर्मामीटर यांची दुरुस्ती आणि कॅलिब्रेशन. रक्तदाबाच्या एका यंत्रात ८० ते १०० ग्रॅम पारा असतो. टेबलावर सांडलेला थेंब दिसतो, टाइल्सच्या सांध्यात गेलेला दिसत नाही, आणि तो तिथून रोज वाफ सोडत राहतो. त्या वाफेला ना रंग ना वास. आपल्याकडे हवा तापलेली, त्यामुळे प्रकरण आणखी वाईट: २० अंशांवर पाऱ्याची जेवढी वाफ होते, त्याच्या दुपटीहून जास्त ३० अंशांवर होते. पावसाळ्यात खिडक्या बंद करून एसी लावला की तीच हवा खोलीत फिरत राहते. श्वासातून गेलेल्या वाफेतला सुमारे ८० टक्के पारा शरीरात राहतो. उलट धातूचा पारा गिळला गेला तर तो जवळजवळ शोषला जात नाही. म्हणून ‘तोंडात तर गेला नाही ना’ हा प्रश्न विचारून उपयोग नसतो.

आता डोळ्यांचं. वाफेच्या रूपातला पारा रक्तातून सहज मेंदूपर्यंत पोचतो, तिथे त्याचं रूप बदलतं आणि तो अडकून बसतो. नजरेची धार बरेचदा टिकते, म्हणून तक्त्यावरची शेवटची ओळही वाचता येते. जातं ते आधी निळ्या-पिवळ्याचं भान आणि फिक्या-गडद छटांमधला फरक. फिका पिवळा शिक्का पांढऱ्या कागदावर उठून दिसत नाही, फिका निळा नि फिका हिरवा एकसारखे वाटतात, गडद निळी वायर काळी समजून जोडली जाते. मिथाइल पाऱ्याचं (म्हणजे माशांत सापडतो त्या सेंद्रिय रूपातल्या पाऱ्याचं) चित्र वेगळं: तिथे दृष्टीचं क्षेत्र कडांकडून आत आक्रसत येतं. ब्रिटनमध्ये बियाण्यांवरची बुरशीनाशकं बनवणाऱ्या कामगारांत ते दिसल्याची नोंद १९४० ची आहे, आणि पुढे १९५६ मध्ये जपानमध्ये उघडकीला आलेल्या मिनामाताच्या आजारातही तेच दिसलं. आपला पारा कुठल्या रूपातला, हे डॉक्टरना पहिल्या वाक्यात सांगा. नाहीतर ते मिनामाताची लक्षणं शोधतात आणि ती सापडली नाहीत की फाईल मिटते.

रंगदृष्टी म्हटलं की सगळीकडे इशिहाराचं पुस्तक उघडतात, ठिपक्यांत लपलेले आकडे वाचायचं ते. ड्रायव्हिंग लायसन्सपासून बोटीवरच्या नोकरीपर्यंत तेच. ते आहे जन्मजात लाल-हिरव्या दोषासाठी. आपल्याला शोधायचा असतो नंतर आलेला, बहुतेक निळ्या-पिवळ्या बाजूचा दोष, आणि तो दोन्ही डोळ्यांत सारखा असेलच असं नाही. इशिहारातल्या सगळ्या पानांचे आकडे बरोबर वाचणाऱ्याचाही निळा-पिवळा गेलेला असू शकतो. तपासणाऱ्याने दोन्ही डोळे एकदम उघडे ठेवले असतील तर चांगला डोळा वाईटाला झाकून नेतो, ते वेगळंच.

मागायची तपासणी म्हणजे लँथनीची फिकट डी-१५, रंगांची रांग लावायची चाचणी. साधी डी-१५ नव्हे, हे दोनदा सांगा. साधीचे रंग इतके ठसठशीत असतात की सुरुवातीचा दोष त्यातून सटकतो. एक लांबट पेटी, तिच्यात एक बसवलेली टोपी, म्हणजे रंगाची छोटी गोल चकती, आणि पंधरा सुट्या. टोप्यांचे रंग इतके राखाडी-फिके की पहिल्यांदा पाहणाऱ्याला सगळ्या एकच वाटतात. पहिल्या टोपीला सर्वांत जवळची टोपी शेजारी, मग तिच्या जवळची, अशी रांग लावायची. एक डोळा झाकून एकदा, दुसरा झाकून पुन्हा. जवळचा चष्मा असेल तर तो लावायचा, रंगीत काचेचा चालत नाही. टोपीच्या रंगाला बोट लावायचं नाही, हाताच्या तेलाने रंग बदलतो. हातमोजे द्या म्हणावं. रांग पूर्ण झाली की टोप्यांच्या तळाचे आकडे गोलाकार नकाशावर रेघांनी जोडतात. बरोबर रांगेची रेघ कडेने गोल फिरते, बिघडलेली वर्तुळ ओलांडून पलीकडे उड्या मारते, आणि उड्यांच्या दिशेवरून दोष निळ्या-पिवळ्या बाजूचा की लाल-हिरव्या, ते कळतं. तो नकाशा फाईलला लावायचा. नुसतं ‘डी-१५ केली’ असं लिहिलेला कागद घेऊ नका. नकाशावरून रंग-गोंधळाचा निर्देशांक काढता येतो. बिनचूक रांगेचा १ येतो आणि चुका वाढतील तसा तो वाढतो. पुढच्या वर्षी तुलना करायला हाच आकडा हाताशी लागतो.

आमची पहिली डी-१५ वाया गेली ती उजेडामुळे. पिवळट बल्बखाली ही तपासणी केली तर निरोगी माणूसही निळ्यात चुकतो, आणि मग पुढचा अधिकारी अहवाल बाजूला सारतो, जे बरोबरच आहे. उजेड दिवसाच्या प्रकाशासारखा हवा, ६५०० केल्विनच्या आसपास, रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक ९० च्या वर. नाहीतर उत्तरेच्या खिडकीपाशी, सकाळी. कुठल्या दिव्याखाली केली ते अहवालात लिहून घ्या. इस्पितळात जायच्या आधी फोन करून तीन गोष्टी विचारा: फिकट डी-१५ चा संच आहे का, कोण करतं, कुठल्या दिवशी. आम्ही न विचारता गेलो आणि दोनदा इशिहारा करून परतलो.

याच फेरीत पेली-रॉबसनचा तक्ता मागा. त्यात अक्षरं सगळी एकाच आकाराची, पण तीन-तीनच्या गटाने फिकी होत जातात. एक मीटरवरून वाचायची. ६/६ वाला माणूस इथे अडखळला की समोरच्याला आपली तक्रार प्रथमच पटते. दृष्टिक्षेत्राची तपासणीही करून ठेवा. स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून बघायच्या यंत्रावर) डोळा बघताना भिंगाच्या पुढच्या आवरणावर तपकिरी झाक आहे का ते नोंदवायला सांगा. १९४३ पासून वैद्यकात तिची नोंद आहे. तिने नजर कमी होत नाही, पण पाऱ्याशी दीर्घ संबंध आल्याची ती खूण असते.

‘हे वयाने असेल, शुगरने असेल’ असं म्हणतीलच, आणि ते अगदीच चुकीचं नाही. मोतीबिंदू, मधुमेह, टोल्युईनसारखी द्रावकं, दारू, क्षयरोगावरचं इथॅम्ब्युटॉल, हृदयासाठीचं डिगॉक्सिन, सगळ्यांनी रंगदृष्टी बिघडते. म्हणून शुगरचा ताजा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी आपणहून फाईलला लावा. आम्ही ती लावली नव्हती आणि त्यावरून फाईल तीन आठवडे पडून राहिली.

लघवीचं आधी सांगायला हवं होतं, कारण करायचं ते सगळ्यांत आधी. शरीरातला पारा निम्म्यावर यायला साधारण दोन महिने लागतात. डोळ्यांच्या कागदासाठी थांबलात आणि दरम्यान काम बदललं, तर लघवीतला पुरावा उतरत जातो. आमच्याकडे पहिल्यांदा रक्त घेतलं आणि रिपोर्टवर पहिला प्रश्न आला, ‘मासे खाता ना?’ गोव्यात हा प्रश्न कोणाला लागू नाही? इसवण, मोरी या माशांतला मिथाइल पारा रक्तात दिसतो, म्हणून रक्ताचा आकडा एकटा उपयोगी पडत नाही. माशांतला पारा मुख्यतः शौचावाटे जातो. वाफेचा हिशोब लघवीत लागतो, आणि हुमण (माशांची आमटी) त्याच्या आड येत नाही.

नमुना कामाची पाळी सुरू होण्याआधीचा, घरून आंघोळ करून, धुतलेल्या कपड्यांत द्यायचा. वर्कशॉपच्या संडासात बाटली भरली तर हाताचा नि कपड्यांचा पारा त्यात जातो. बाटली प्रयोगशाळेने दिलेली, आम्लाने धुतलेली प्लास्टिकची. लघवी किती दाट की पातळ ते सांगणारं क्रिएटिनिन सोबत मोजलंच पाहिजे, लिटरला ०.३ ते ३ ग्रॅमच्या बाहेर असेल तर नमुना पुन्हा द्यावा लागतो. कामगारांसाठी अमेरिकेतल्या एसीजीआयएच या संस्थेची मार्गदर्शक पातळी क्रिएटिनिनच्या एका ग्रॅममागे २० मायक्रोग्रॅम आहे. ‘पारा बाहेर काढायची’ गोळी घेऊन मग नमुना द्यायला कोणी सांगितलं तर नाही म्हणा. त्याने आकडा फुगतो आणि तो कोणी धरत नाही.

कागदांचं थोडक्यात. पाऱ्याची विषबाधा नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायदा, १९४८ च्या तिसऱ्या परिशिष्टात होती, म्हणजे ती कळवण्याजोगा आजार आहे. निदान करणाऱ्या डॉक्टरने कारखाने निरीक्षकांना लेखी कळवायचं असतं. आपल्याकडे ते कार्यालय पणजीत आल्तिनोला. ईएसआय (कामगार राज्य विमा) असेल तर व्यवसायजन्य आजारांच्या यादीतही पारा आहे, पण तिथे त्या कामावर सलग सहा महिने भरलेले लागतात. कंपनीच्या पत्रात ‘टेक्निशियन’ एवढंच लिहून चालत नाही. ‘पाऱ्याच्या उपकरणांची दुरुस्ती, अमुक तारखेपासून’ असं नेमकं लिहून घ्या.

सांडलेला पारा झाडूने किंवा व्हॅक्यूमने कधी काढू नका, बारीक थेंब नि वाफ खोलीभर होते. ड्रॉपर, जाड कागदाच्या दोन पट्ट्या, उरलेल्यासाठी चिकटपट्टी, सांध्यांवर गंधकाची पूड. साध्या एन-९५ मास्कने वाफ अडत नाही. पाऱ्याच्या वाफेसाठीचं वेगळं कार्ट्रिज लागतं. सोन्याची अंगठी आधी काढा. कामाचे कपडे घरच्या मशीनमध्ये नकोत.

परत येतं का, हे सगळे विचारतात. १९९८ मध्ये इटलीतून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पाऱ्याशी संबंध कमी केल्यावर वर्षभरात कामगारांची रंगदृष्टी सुधारलेली दिसली. ब्राझीलमध्ये ट्यूबलाइटच्या कारखान्यांतून बाहेर पडलेल्यांत मात्र दोष वर्षानुवर्षं टिकलेला आढळला. म्हणून काम बदलल्यावरही दर सहा महिन्यांनी तीच तपासणी, तोच संच, तोच दिवा. पुढची तारीख फाईलच्या आतल्या पानावर लिहिली आहे, आणि खाली जाड अक्षरांत: इशिहारा नको, फिकट डी-१५, एकेक डोळा.