आमची वाटचाल: बॅकअपच्या ओळीपासून तेरजेच्या कागदापर्यंत

यवतमाळ जिल्ह्यातल्या पतसंस्था, जिनिंग आणि डाळमिलच्या संगणकांची देखभाल हे आमचं काम. सुरुवातीच्या करारात एवढंच असायचं: रोजचा बॅकअप (डेटाची राखीव प्रत) टेपवर, म्हणजे चुंबकीय फितीवर, घेऊन देऊ. आता लिहितो: दर तीन महिन्यांनी टेपवरचा डेटा वेगळ्या मशीनवर उतरवून त्याची तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिल्लकांचा ताळा) छापून देऊ. काम तिपटीनं वाढलं, पण पतसंस्थेच्या व्यवस्थापकाला खरी गरज याच कागदाची असते.

पडद्यावर ‘बॅकअप यशस्वी’ दिसलं म्हणजे टेपनं डेटा घेतला, इतकंच कळतं. त्यात काय गेलं ते कळत नाही. काउंटर चालू असताना डेटाबेसची फाइल नुसती कॉपी केली, तर अर्धे व्यवहार आत आणि अर्धे बाहेर अशी फाइल टेपवर जाऊन बसते. म्हणून आधी एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस प्रोग्रॅमचाच बॅकअप चेकसमसह (डेटा बिघडला का ते ओळखणाऱ्या आकड्यासह) घेतो आणि ती फाइल टेपवर टाकतो. तपासणीच्या दिवशी ती कोऱ्या मशीनवर चढवतो, चेकडीबी ही डेटाबेस शाबूत आहे का ते तपासणारी आज्ञा चालवतो आणि त्या तारखेची तेरीज व हातशिल्लक काढून सहीच्या जुन्या प्रिंटशी ताडून पाहतो. एक रुपयाचा फरक निघाला तरी ती टेप नापास. टेपचा नंबर, लागलेला वेळ आणि करणाऱ्याची सही रजिस्टरला जाते. बॅकअप ज्यानं घेतला, रिस्टोर (टेपवरून डेटा परत चढवणं) त्यानं करायचा नाही. नाहीतर त्याच्या डोक्यात असलेली एखादी पायरी कागदावर कधीच येत नाही.

तपासणीला ड्राइव्हही (टेप वाचणारं-लिहिणारं यंत्र) वेगळा हवा. आग लागली किंवा वीज पडली तर कार्यालयातला ड्राइव्ह सर्व्हरबरोबरच जातो. मग बाजारातून नवा आणायचा म्हटलं की पिढीचा प्रश्न येतो. एलटीओ हा या टेपचा प्रचलित प्रकार, पुढचा आकडा म्हणजे पिढी. एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्यांच्या टेप वाचतात. एलटीओ-८ मात्र फक्त ७ आणि ८ वाचतो, ६ वाचत नाही. हे माहीत नसल्यामुळे लोक एलटीओ-६ च्या वार्षिक टेप कपाटात जपतात आणि जुना ड्राइव्ह भंगारात देतात. आम्ही आधी जुन्या टेप नव्यावर उतरवतो, तपासतो, मगच ड्राइव्ह हलवतो.

आपल्या भागात सगळ्यात जास्त त्रास कूलरचा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, सर्व्हरच्या खोलीत एसी नसतो, म्हणून खिडकीत खसचा कूलर बसवतात. गारवा मिळतो, पण सोबत ओल आणि धूळही आत येते. टेप दीर्घकाळ ठेवायची तर १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता लागते. कूलरच्या खोलीत आर्द्रता त्याच्या कितीतरी वर असते. जिनिंगमध्ये भर म्हणून कापसाची तूसही उडते. त्यामुळे ड्राइव्ह कूलरच्या झोतात नको, खोलीत पंधराशे रुपयांच्या आतलं आर्द्रतामापक हवंच, आणि मासिक-वार्षिक टेप डबीसकट दुसऱ्या इमारतीत ठेवायच्या. ने-आण सकाळी करायची. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत टेप ठेवू नये, कारण वाहतुकीतही ४९ अंशांची मर्यादा असते. बाहेरून आणलेली टेप २४ तास खोलीत राहू द्यावी, मग ड्राइव्हमध्ये घालावी. ड्राइव्हच्या सफाईची खास टेप (कार्ट्रिज) ५० वेळा चालते. ड्राइव्हनं मागितली तरच घालायची. उगाच दर सोमवारी घातली तर हेड (ड्राइव्हचा वाचणारा-लिहिणारा भाग) झिजतं.

टेप कमी वेगानं भरली तरी नुकसान होतं. एलटीओ-६ सेकंदाला १६० मेगाबाइट लिहू शकतो. यूएसबी-२ च्या डिस्कवरून त्याला ३०-३५ मिळाले, तर टेप थांबते, मागे येते, पुन्हा पुढे जाते आणि या घासाघाशीत टेप व हेड दोन्ही झिजतात. आधी सगळं आतल्या डिस्कवर गोळा करून एका दमात लिहावं.

लिनक्सवर दोन चुका नेहमीच्या. टेप ड्राइव्हसाठी एसटी० हे नाव वापरलं की काम संपताच टेप सुरुवातीपर्यंत गुंडाळली जाते आणि पुढचा बॅकअप पहिल्यावरच लिहिला जातो. एकामागोमाग लिहायचं तर एनएसटी० हवं. दुसरी चूक ब्लॉकची. लिहिताना ५१२ चा ब्लॉकिंग फॅक्टर (टेपवरचा एकेक तुकडा, म्हणजे ब्लॉक, केवढा ते ठरवणारा आकडा) दिला आणि वाचताना दिलाच नाही, तर मेमरी मिळत नाही असा संदेश येतो आणि चांगली टेप खराब ठरते. म्हणून वाचायची आज्ञा कार्ट्रिजच्या डबीतच कागदावर ठेवतो. टेपवरचा डेटा कुलूपबंद करणाऱ्या एन्क्रिप्शनची किल्ली मात्र त्या कागदावर नाही. ती दोन बंद पाकिटांत राहते, एक पतसंस्थेच्या तिजोरीत, दुसरं अध्यक्षांकडे. ती हरवली तर आम्हीही काही करू शकत नाही, आणि हे करारात ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे.

एका संस्थेला रोजच्या ५, शनिवारच्या ५ आणि महिनाअखेरच्या १२ अशा २२ टेप लागतात. ३१ मार्चची टेप दरवर्षी नवी घ्यायची, लिहून होताच तिची पुन्हा लिहिणं रोखणारी खिटी सरकवून बंद करायची.